मंगळाचं आकाश छापायचं कोणत्या रंगात?

स्टुडिओवाला_कराड

नमस्कार मंडळी,

कराडात माझा फोटो स्टुडिओ आहे. सत्तावीस वर्षं लग्नं, मुंजी, बारशी आणि शाळांचे ग्रुप फोटो काढतोय. सुरुवातीची वर्षं रोलची. रोल कोल्हापूरला लॅबमध्ये जायचे आणि प्रिंट हिरवट आल्या की मी त्याच गाडीने परत पाठवायचो. रंगाच्या बाबतीत तडजोड केलेली आठवत नाही.

१९ फेब्रुवारी २०२१ ला, शिवजयंतीच्या पहाटे, दोन वाजून पंचवीस मिनिटांनी पर्सिव्हरन्स रोव्हर मंगळावर उतरला. सकाळी पुतळ्याजवळ फोटो काढायला जायचं होतं, तरी मी मोबाइल घेऊन जागा होतो. नंतर कळलं की रोव्हरकडून येणारे फोटो नासा जसेच्या तसे साइटवर टाकते आणि ते कुणीही उतरवून घेऊ शकतो. तेव्हापासून दुकान बंद झाल्यावर रोज तास-दीड तास मी तिथेच असतो. दुसऱ्या ग्रहावरचा कच्चा फोटो माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

सध्या कोडियाकचा पॅनोरामा करतोय. माहीत नसलेल्यांसाठी : कोडियाक म्हणजे जेझेरो विवरातली एक सुटी टेकडी, रोव्हर उतरला तिथून दोन किलोमीटरांहून जास्त लांब. मास्टकॅम-झेडच्या (रोव्हरच्या खांबावरची झूम कॅमेऱ्यांची जोडी) डाव्या कॅमेऱ्याच्या, पूर्ण झूमच्या (११० मिमी) फ्रेम घेतल्या. दोन रांगा, एकेका रांगेत अकरा, एकूण २२. हगिन या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडल्या. साधारण १४ हजार पिक्सेल रुंदी मिळाली. सहा फुटांची प्रिंट काढली तरी इंचाला दोनशेच्या आसपास पडतात, म्हणजे जवळून बघायलाही हरकत नाही.

अडलंय रंगात. लग्नाच्या अल्बमला जे करतो तेच केलं, प्रत्येक फ्रेमला ऑटो टोन आणि ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेड आणि रंग सॉफ्टवेअरनेच ठरवायचे. दगड सुरेख करडे झाले, पण आकाश निळसर आलं. अगदी ढगाळ दुपारी कोयनानगरला असतं तसं. मला ते आवडलं आणि मी घरच्या ग्रुपवर टाकलं. चार दिवसांनी तोच फोटो दुसऱ्याच ग्रुपवरून माझ्याकडे परत आला. खालचं माझं नाव कापलेलं, वर ओळ : "मंगळावर निळं आकाश! नासाने इतकी वर्षं लपवलं!" मी फोन करकरून लोकांना सांगितलं की हे मी केलंय, तिथं तसं नाही. पण किती जणांना सांगणार? माझ्या हातून खोटं पसरलं याची बोच आहे.

आणि आता खरी वेळ आली आहे. भाचीच्या शाळेत २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन आहे आणि शाळेला हाच पॅनोरामा सहा फुटी प्रिंटमध्ये हवा आहे. मुलं तो बघून मंगळ असाच असतो असं मनात धरतील. आकाश कोणत्या रंगाचं छापू?

आणखी दोन अडचणी. वरच्या रांगेत आकाशाला उभे पट्टे पडलेत, प्रत्येक फ्रेमची कड दिसते. आणि काही फाइली करड्या येतात, मोठं करून बघितलं तर बारीक चौकटी-चौकटी दिसतात. त्या खराब आहेत का?

---

सोल_मोजणारा

दादा, धागा वाचून फार बरं वाटलं. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, रोव्हरचे फोटो २०१२ पासून, म्हणजे आधीचा क्युरिऑसिटी रोव्हर उतरल्यापासून करतोय.

आधी सोपं. चौकटीवाल्या फाइली अजिबात खराब नाहीत, उलट त्या सगळ्यात कोऱ्या आहेत. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर एकच रंगाची काच असते. चार ठिपक्यांच्या चौकोनात एक लाल, दोन हिरवे, एक निळा. आपल्या डीएसएलआरमध्येही हेच असतं, फक्त कॅमेरा ते आतल्या आत उलगडून देतो. इथे ते तुम्ही करायचं. पायथनमध्ये ओपनसीव्हीने (फोटोंवर काम करायची तयार कोडची पेटी) एका ओळीचं काम आहे. दोन गोष्टी जपा. उलगडायच्या आधी फोटो लहान-मोठा करू नका, केला की रंग गेलाच. आणि ओपनसीव्हीत या नक्षीचं नाव उलट्या बाजूने मोजून ठेवलेलं आहे, त्यामुळे पहिल्यांदा सगळ्यांचाच लाल-निळ्याचा अदलाबदल होतो. वाळू निळी दिसली की समजायचं.

पट्टे ऑटो टोनमुळे. ज्या फ्रेममध्ये आकाश जास्त तिथे सॉफ्टवेअर एक दुरुस्ती करतं, जिथे जमीन जास्त तिथे दुसरी. एका लग्नातल्या २२ फोटोंना २२ वेगवेगळे प्रीसेट लावल्यासारखं आहे ते. लाल, हिरवा, निळा किती कमी-जास्त करायचा त्याचे एकच आकडे ठरवा आणि सगळ्यांना तेच लावा. कडा तरीही जरा काळवंडलेल्या दिसतील, ती लेन्सची सवय. ती जोडायच्या आधी प्रत्येक फ्रेममध्ये सारखीच काढा.

आता ते आकडे आणायचे कुठून? सेन्सरच्या पुढची गोष्ट अशी की कॅमेरा ११ बिटांत मोजतो, पण पाठवायच्या आधी ८ बिटांत बसवतो, आणि बसवताना वर्गमुळासारखं कोष्टक वापरतो. त्यामुळे लाल-निळ्याचं गुणोत्तर फाइलीतल्या आकड्यांवरून थेट काढलं तर फसतं, आधी ते कोष्टक उलटं फिरवावं लागतं. काही महिन्यांनी नासाच्या अर्काइव्हमध्ये येणाऱ्या कॅलिब्रेटेड (मोजमाप दुरुस्त केलेल्या) फाइलींत हे काम करून दिलेलं असतं. छापायचंच आहे तर त्याच घ्या.

आणि रोव्हरच्या पाठीवर तुमचं ग्रे कार्ड, म्हणजे रंग ताडून बघायचा करडा नमुना, आहे! त्याच दिवसाचे, जवळच्या वेळेचे त्याचे फोटो शोधा. मधे छोटा खांब, भोवती करड्या रंगाची कडी, बाहेर रंगीत टिकल्या.

---

काळा_पाषाण

मी बुलढाणा जिल्ह्यात भूगोल आणि थोडं भूशास्त्र शिकवते. दगडाच्या बाजूने लिहिते.

तुम्ही केलेली दुरुस्ती मुळात चूक नाही. भूशास्त्रज्ञ मुद्दाम तेच करतात. दगड ओळखायला आमचे डोळे आपल्या उन्हात तयार झालेत. मंगळावरचा फोटो आपल्या उन्हात आणून ठेवला की हा बेसाल्ट, हा दुसरा, हे पटकन कळतं. जेझेरोच्या तळाशी बेसाल्टी लाव्हा आहे, आपल्या दख्खनच्या पठाराचा भाऊबंदच. म्हणून तर लोणारला इतकं महत्त्व. जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, आणि तेही बेसाल्टात. मंगळावरच्या विवरांशी ताडून बघायला शास्त्रज्ञ तिथे येतात. विद्यार्थ्यांना मी तिथे नेते तेव्हा एक गोळा फोडायला लावते. वरून तांबूस, मातकट. हातोडी बसली की आत निळसर काळा. वरचा तांबूसपणा लोखंड गंजल्याचा.

मंगळावर हेच मोठ्या प्रमाणात आहे. तांबडं आहे ते बरंचसं धुळीचं पांघरूण. ८ फेब्रुवारी २०१३ ला क्युरिऑसिटीने गेल विवरात पहिलं भोक पाडलं, साडेसहा सेंटिमीटरभर खोल. बाहेर आलेली पूड करडी होती. वर्गात मी तो फोटो दाखवते तेव्हा मुलं पुढे सरकतात. पर्सिव्हरन्सही दगडाचा पाच सेंटिमीटरचा गोल घासून काढतो, नायट्रोजनच्या झोताने पूड उडवतो, आणि मग आतला खरा दगड दिसतो.

कोडियाक निवडलात याचा मला फार आनंद झाला. त्या टेकडीच्या कड्यावर वर आडवे थर, मधे तिरके, खाली पुन्हा आडवे, असं दिसतं. नदी साचलेल्या पाण्यात शिरते आणि गाळ टाकत पुढे सरकते तेव्हाच असे थर बसतात. जेझेरोत सरोवर होतं, त्याचा हा धडधडीत पुरावा, २०२१ मध्ये याच कॅमेऱ्यांच्या फोटोंवरून मांडला गेला. तेव्हा शाळेच्या प्रिंटमध्ये ते थर स्पष्ट दिसले पाहिजेत, ही माझी हट्टाची विनंती.

---

एक_शंका

म्हणजे नासा फोटोंचे रंग बदलते हे खरंच ना? मग व्हॉट्सअॅपवाले अगदीच चूक कसे?

---

दुर्बीण_नाशिक

@एक_शंका, बदलते आणि बदललं असं लिहूनही ठेवते. क्युरिऑसिटीच्या वेळी एकाच दृश्याचे कच्चा, नैसर्गिक आणि व्हाइट बॅलन्स केलेला असे फोटो शेजारी शेजारी देत होते. लपवायचं असतं तर कच्च्या फाइली जगाला वाटल्या नसत्या. कराडचा एक माणूस रात्री बसून पडताळू शकतो, यापेक्षा उघडं आणखी काय असायचं?

@स्टुडिओवाला_कराड, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. जुलै १९७६ मध्ये व्हायकिंग १ मंगळावर उतरलं तेव्हा पहिल्या रंगीत फोटोत आकाश निळसरच दाखवलं गेलं होतं. घाईत रंग बसवताना सगळ्यांनी आपलं आकाश गृहीत धरलं. मग यानावरच्याच रंगपट्टीवरून दुरुस्त केलं आणि तांबूस आकाश जाहीर केलं. तुमच्याकडून झालं ते त्यांच्याकडूनही झालं होतं, आणि दोघांनीही ते लगेच सांगितलं.

दुसरं, मापाचं. २०२२ च्या मे महिन्यात क्युरिऑसिटीच्या फोटोतला "मंगळावरचा दरवाजा" आठवतो का? आमच्या खगोल मंडळाच्या ग्रुपवरही आला होता. खडकातली ती खोबण सुमारे ३० सेंटिमीटर उंच आणि ४० रुंद. देवळीएवढी. फोटोत शेजारी मापाला काहीच नसतं म्हणून माणूस फसतो. प्रिंटवर कोपऱ्यात मापाची रेघ जरूर टाका.

आणि मुलांना हेही सांगा की मंगळावर निळं असतं, पण सूर्यास्ताला, सूर्याच्या भोवती. बारीक धूळ निळा उजेड फार न विखुरता पुढे जाऊ देते म्हणून. १५ एप्रिल २०१५ चा क्युरिऑसिटीचा सूर्यास्त बघा. आपल्याकडे दिवसा निळं आणि संध्याकाळी तांबडं, तिथे बरोबर उलट.

---

न्यूजर्सीकर

छान धागा, वाखूण साठवली. छापताना श्रेय विसरू नका : नासा, जेपीएल-कॅलटेक, एएसयू, एमएसएसएस, आणि त्यापुढे "प्रक्रिया :" म्हणून तुमचं नाव. ते नाव फोटोच्या आत, थरांच्या जवळ टाका, म्हणजे कापता येणार नाही.

---

स्टुडिओवाला_कराड

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन रात्री बसलो, त्याचा वृत्तान्त लिहितो.

सोल_मोजणारा यांनी सांगितलेल्या ग्रे कार्डाचा फोटो सापडला. तो उघडला आणि मी कोडियाक विसरून तासभर त्यावरच राहिलो. तळव्याएवढी चकती. रंगीत टिकल्यांच्या खाली कडीच्या आकाराचे लोहचुंबक बसवलेत. मंगळाची धूळ चुंबकाला चिकटते, ती टिकलीच्या कडेने तांबडं वर्तुळ करून बसते आणि मधला ठिपका स्वच्छ राहतो. कोपनहेगनच्या विद्यापीठात हे बनवलंय. लेन्सवरची धूळ ब्लोअरने उडवण्यात माझी निम्मी हयात गेली, आणि या माणसांनी ती बाजूला बसायला जागा करून दिली! कडेने बारीक चित्रं आहेत, नेच्याचं पान, डायनासोर, एक बाई आणि एक पुरुष. लिहिलेल्या मजकुरात मागून येणाऱ्यांना सुखरूप प्रवास आणि शोधाचा आनंद चिंतलाय.

पण खरा उलगडा मधल्या खांबाच्या सावलीत झाला. ती सावली करड्या कड्यांवर पडते. आपल्याकडे उघड्यावर झाडाच्या सावलीत नवरीचा फोटो काढला की चेहरा निळसर येतो, कारण सावलीत ऊन नसतं, वरच्या निळ्या आकाशाचा उजेड तेवढा असतो. कुठल्याही फोटोग्राफरला विचारा. मी करड्या कड्यावर आधी उन्हातला आकडा घेतला, मग सावलीतला. सावलीतला जास्त तांबूस निघाला. निळसर नाही, तांबूस. म्हणजे त्या कड्याच्या डोक्यावरचं आकाश तांबूसच असणार, ते कड्यावर उतरलंय. माझ्या ग्रुपवरच्या निळ्या आकाशाचा निकाल तिथंच लागला.

मग डोक्यात आलं ते मांडवाचं. लाल-भगव्या कापडाच्या मांडवात दुपारचं लग्न असलं की सगळ्यांच्या तोंडावर लाली येते. नवरीचा रंग नीट यावा म्हणून आम्ही ती काढतो, आणि चेहरा नीट झाला की मांडवाचं कापड मरतं, फिकट राखाडी होतं. गिऱ्हाईक म्हणतं, अहो मांडव भगवा होता की. मंगळावर धुळीचा मांडव आहे, सगळ्या ग्रहाला घातलेला. नवरी बघायची का मांडव, ते आधी ठरवायला हवं. एका फोटोत दोन्ही मागितलं हीच माझी चूक.

म्हणून दोन पट्ट्या छापल्या. दोन्ही सहा फूट लांब, अकरा इंच उंच, एकाखाली एक. वरचीला लिहिलंय "तिथं उभं राहिलं तर असं दिसेल". आकाश पिवळसर-तांबूस, मातकट, कडेला थोडं उजळ. खालचीला "हेच दगड आपल्या उन्हात आणले तर". ताई, तुमचे तिरके थर खालच्या पट्टीत इतके स्वच्छ आलेत की बोट ठेवून दाखवता येतात. तिथे आकाशाचा रंग खरा नाही, असंही बारीक अक्षरात लिहिलंय. कागद मॅट घेतला, हॉलमध्ये ट्यूबचा उजेड चमकतो म्हणून. मापाची रेघ आणि श्रेय घातलंय. आकाशाचे पट्टे गेले. उजवीकडून तिसऱ्या फ्रेमची कड मला अजून दिसते, बाकी कुणाला दिसली नाही.

काल प्रदर्शन झालं. सातवीतली एक मुलगी बराच वेळ दोन्ही पट्ट्यांसमोर उभी होती. मग मला म्हणाली, "काका, तिथला दगड इथं आणलात. आपला आगाशिव तिथं नेला तर?"

मला उत्तर येत होतं, पण दाखवता येत नव्हतं. रात्री दुकानात आलो, गच्चीवरून काढलेला आगाशिव डोंगराचा फोटो घेतला आणि कोडियाकचे तेच आकडे उलटे फिरवून लावले. डोंगर झकास झाला. लेण्यांच्या खालचा काळा कडा तांबूस-तपकिरी, वाळलेलं गवत गंजल्यासारखं, दोन मिनिटं माझा मलाच डोंगर ओळखू येईना. पण आकाश बिघडलं. निळ्यावर तांबूस चढवलं तर नुसतं मळकट करडं येतंय. सोल_मोजणारा, ते कसं करू? वरून मंगळाचं आकाश कापून चिकटवायचं नाहीये, त्या मुलीला द्यायचंय.

---

सोल_मोजणारा

नका चिकटवू. अडचण आकड्यांची नाही, दिवसाची आहे. तुमचा फोटो लख्ख निळ्या आकाशाखाली काढलाय. पूर्ण ढगाळ दिवशी, आकाश एकसारखं पांढरं असताना काढा. पांढऱ्यावर ते आकडे लावले की आकाश आपोआप धुळीच्या रंगाचं येईल, आणि डोंगरावरही निळ्या उजेडाचा अंश नसेल. ऊन-सावली मिळणार नाही, पण धुळीच्या वादळातला आगाशिव म्हणून ते चालेल. फोटो काढताना कोपऱ्यात तुमचं ग्रे कार्ड धरा.

---

स्टुडिओवाला_कराड

कळलं. म्हणजे जूनपर्यंत थांबायला हवं. मुलीचं नाव आणि वर्ग वहीत लिहून ठेवलाय. पहिला ढगाळ दिवस आला की गच्चीवर जातो.